मदत हवी आहे: हँगर स्टेकचं बारीक टोक जास्त शिजतं

बीफचा हँगर कट, म्हणजे डायफ्रॅमजवळचा (छाती-पोटामधल्या पडद्याजवळचा) स्नायू. मधली चिवट शीर काढून दोन पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टी एका टोकाला ४ सेंटिमीटर जाड, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड.

पहिलीला रात्रभर मीठ लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवलं, मग तापलेल्या बिडाच्या तव्यावर दर ३० सेकंदांनी उलटत भाजलं. जाड भाग ५४ अंश सेल्सिअसला येईतो बारीक टोक ६५ च्या पुढे, आणि तिथे चक्क कलेजीसारखी चव! कापलं धाग्यांना आडवंच, त्यामुळे चूक तिथे नाही.

ओव्हन आणि ग्रिल दोन्ही नाहीत, थर्मामीटर आहे. मॅरिनेड नको, मूळ चवीसाठीच हा कट घेतला.

दुसऱ्या पट्टीचं बारीक टोक कापून वेगळं भाजू, की दुमडून दोऱ्याने बांधू? बांधलं तर आच किती ठेवायची?