इरकल साडीवरील कसुतीचे नमुने मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कसे उतरवावेत?

प्रश्न
बाळीवेस, १२ मे २०२०

सर्वांना नमस्कार. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली तेव्हा घरात बसून वेळ कसा जाणार, याची चिंता होती. आता तिसरा टप्पा १७ तारखेला संपायचा आहे आणि मला वेळ पुरेनासा झाला आहे. याला कारण सासूबाईंची ट्रंक. त्यांचे माहेर इंडी तालुक्यातले. लग्नातली चंद्रकळा आणि नंतरच्या काही इरकल साड्या यांवर त्यांनी व त्यांच्या आईने हाताने केलेली कसुती, म्हणजे धागे मोजून केलेले भरतकाम, आहे. गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, रथ, मोर, हत्ती असे नमुने आहेत आणि त्यांपैकी एकही कधी कागदावर काढलेला नाही, कारण कसुतीत कापडावर आधी रेखाटन करतच नाहीत. कापडाचे धागे मोजत टाके घालायचे असतात आणि ही मोजणी पाठ असावी लागते. सासूबाईंना आता बारीक धागा दिसत नाही, मोजणी मात्र तोंडपाठ आहे. त्या सांगतात आणि मी जुन्या साडीच्या तुकड्यावर टाके घालते. दुकाने बंद असल्यामुळे रेशीमही घरात शिल्लक आहे तेवढेच आहे.

हे सर्व नमुने संगणकावर उतरवून ठेवावेत, अशी इच्छा आहे. आमचा संगणक जुना, दोन जीबी रॅमचा आहे. त्यावरील कार्यालयीन कामाचे आणि चित्रकलेचे सॉफ्टवेअर दुकानदाराने कधीकाळी घालून दिलेले, अर्थातच विनापरवाना आहे आणि आता ते सारखे अडून बसते. या निमित्ताने ते काढूनच टाकावे असे वाटते. इंटरनेट म्हणाल तर मोबाइलचे दिवसाचे दीड जीबी, त्यातही मुलाच्या महाविद्यालयाचे वर्ग भरतात.

तेव्हा प्रश्न असा, की कोणते मुक्त सॉफ्टवेअर वापरावे आणि आणखी वीस वर्षांनीही उघडेल अशी फाइल कोणती? दुसरी अडचण याहून मोठी आहे. स्प्रेडशीटच्या चौकटी रंगवून मी फुलीचा टाका, म्हणजे मेंथी, सहज दाखवू शकते. परंतु गवंती या रेघेच्या टाक्याची रेघ चौकटीत बसतच नाही. ती कशी दाखवावी?

पेंग्विनपंढरी

प्रथम एक दिलासा. यासाठी संपूर्ण लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली, उतरवून घेण्याची आज गरज नाही. तिची फाइल दीड-दोन जीबीच्या घरात जाते आणि तुमचा दिवसाचा डेटा त्यातच संपेल. कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस आणि रेखाचित्रांचे इंकस्केप ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात आणि दोन्ही मिळून काही शे एमबींत काम भागते. रात्री उशिरा, वर्ग नसताना, एकेक उतरवून घ्या. टाळेबंदी उठल्यावर कोणाकडून पेनड्राइव्हवर लिनक्स मिळाले, तर हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती दोन जीबी रॅमवर बरी चालेल. त्यावर केएक्सस्टिच नावाचे खास मोजून घालायच्या भरतकामाचे सॉफ्टवेअर मिळते. त्यात फुलीचे टाके आणि सरळ रेघेचे टाके असे दोन्ही प्रकार आहेत.

गवंतीच्या प्रश्नाचे उत्तर कॅल्कमध्येच, म्हणजे लिबरऑफिसच्या स्प्रेडशीटमध्येच, आहे. मेंथीचा टाका चौकटीच्या पोटात बसतो, तर गवंतीचा टाका दोन चौकटींमधल्या रेघेवर बसतो. म्हणून मेंथीसाठी चौकट रंगवा आणि गवंतीसाठी त्या चौकटीची एकच कडा, म्हणजे बॉर्डर, जाड करा. आडवे आणि उभे टाके यात अचूक येतात. तिरपे टाके मात्र नीट जुळवता येणार नाहीत आणि गोपुराच्या उतरत्या बाजू, मोराची मान यांत तिरपे टाके असणारच. त्यासाठी इंकस्केप घ्या. कागदाच्या गुणधर्मांत जाऊन आयताकृती जाळी चालू करा आणि रेघ जाळीच्या बिंदूंना चिकटेल अशी सोय सुरू ठेवा. मग प्रत्येक टाका या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत नेमका जाईल. योगायोगाने याच महिन्यात ४ तारखेला इंकस्केपची १.० ही आवृत्ती आली आहे. संगणक कुरकुरला तर त्याआधीची ०.९२ घेतली तरी या कामात काही अडत नाही.

फाइलबद्दल सांगायचे तर कॅल्कची ओडीएस ही रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि इंकस्केपची एसव्हीजी हेही खुले मानक आहे. एसव्हीजी फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली तरी आत कोणती रेघ कोठून कोठे गेली आहे, हे आकड्यांत लिहिलेले दिसते. सॉफ्टवेअर बंद पडले तरी माहिती अडकत नाही. ओपनऑफिस ज्या कंपनीकडे होते ती २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी त्याच मूळ संहितेवरून (सोर्स कोडवरून) लिबरऑफिस उभे केले. लोकांच्या जुन्या फाइली जशाच्या तशा उघडत राहिल्या, कारण संहिता आणि फाइलची रचना दोन्ही खुली होती. वीस वर्षांची हमी मी देणार नाही, पण पैज लावायची झाली तर याच बाजूने लावीन.

साधीवही

एवढा खटाटोप कशासाठी? मुलाच्या जुन्या आलेखवहीची कोरी पाने असतील. सासूबाईंना त्यावर पेन्सिलने ठिपके मांडून दाखवता येईल. संगणकासमोर त्या किती वेळ बसणार? आमच्या घरी रांगोळीचे नमुने असेच वहीत आहेत आणि ती वही वीज गेली तरी उघडते.

मागावरचा

वहीची सूचना वाजवी आहे, परंतु वही असो वा संगणक, त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे चौकटीचे प्रमाण. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले, तीन पिढ्यांचा माग. वडील चादरींच्या डिझाईनचे ग्राफ रंगवत असत. टाळेबंदीत कारखाने बंद आहेत, अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांची खटखट नाही. अशी शांतता मी जन्मात अनुभवलेली नाही आणि मला ती मुळीच आवडलेली नाही. असो.

जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, ग्राफमध्ये एक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा किंवा धाग्यांचा एक ठरावीक गट आणि एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. रंगवलेली चौकट म्हणजे त्या फेऱ्याला तो धागा वर उचलायचा. साध्या विणीत अशा एका ओळीचे एक पुठ्ठ्याचे कार्ड होते. जिथे धागा उचलायचा तिथे भोक पाडायचे आणि सगळी कार्डे ओळीने शिवून मागावर चढवायची. जोसेफ जॅकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केले. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर माहिती साठवण्याची ही रीत पुढे संगणकाच्या कार्डांतही आली, त्यामुळे तुमचा नमुना संगणकावर नेण्यात मला काही विपरीत वाटत नाही.

मुद्दा प्रमाणाचा. कापडात एका इंचात उभे धागे जितके असतात तितकेच आडवे धागे बहुधा नसतात. म्हणून डिझाईनचा कागदही एकाच प्रकारचा येत नाही. जाड रेघांच्या एका घरात ८ बाय ८, ८ बाय १०, ८ बाय १२ अशा वेगवेगळ्या चौकटींचे कागद असतात आणि कापडाच्या धाग्यांचे प्रमाण पाहून कागद निवडावा लागतो. चौरस चौकटीत काढलेला सुबक हत्ती कापडावर उंच आणि अरुंद झाला, तर टाके चुकलेले नसतात, कागद चुकलेला असतो. कसुतीत टाका दर वेळी ठरावीक धागे मोजून घातला जातो, म्हणजे हाच नियम तिथेही लागू होतो. शाळेच्या आलेखवहीत चौकट चौरसच असते, हा तिचा दोष. कॅल्कमध्ये मात्र स्तंभाची रुंदी आणि ओळीची उंची हवी तशी ठेवता येते आणि इंकस्केपच्या जाळीतही आडवे व उभे अंतर वेगवेगळे देता येते.

आणखी एक सुचवतो. प्रत्येक नमुन्याची मोबाइलवर दोन छायाचित्रे घ्या, एक सुलट बाजूचे आणि एक उलट बाजूचे, दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून आणि शेजारी पट्टी ठेवून. गवंती आणि मुरगी (नागमोडी रेघेचा टाका) दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, नेयगी (विणल्यासारखा दिसणारा धावदोरा) आणि मेंथी तशी दिसत नाही. उद्या चित्र पाहून टाका ओळखता आला नाही, तर उलट बाजू सांगेल. आमच्याकडेही माल तपासताना जाणता माणूस आधी चादर उलटी करतो.

बाळीवेस

सर्वांचे आभार. कडा जाड करण्याची युक्ती काल करून पाहिली. तुळशीवृंदावनाचा चौथरा आणि वरची कमान अगदी नीट उतरली. साधीवही यांची सूचनाही मी मानली आहे. सासूबाई वहीत ठिपके मांडतात आणि मी ते प्रमाण बदलून संगणकावर घेते.

परंतु चित्र पाहून त्यांनी जो आक्षेप घेतला, तो मी येथे मांडते, कारण तो मला बिनतोड वाटला. त्या म्हणाल्या, “आकार आला, पण सुई कशी गेली ते कुठे आहे?” गवंतीत सुई जाताना एक टाका वर, एक खाली अशी जाते आणि परतताना राहिलेल्या जागा भरत येते, तेव्हा कोठे दोन्ही बाजूंना अखंड रेघ उमटते. गाठ मारायची नसते. वाटेत फांदी लागली, तर ती टोकापर्यंत जाऊन आणि परत येऊन पुरी करायची व मगच मुख्य रेघेवर पुढे जायचे. जाताना फांदी विसरली, तर परतीच्या वाटेवर ती घेता येते का, हे नमुन्यावर अवलंबून असते. कधी धागा तोडावा लागतो आणि ते त्यांना अजिबात खपत नाही. म्हणजे नुसते चित्र जपले, तर शिकणाऱ्याला निम्मीच विद्या मिळते. हा क्रम फाइलमध्ये कसा ठेवता येईल?

पेंग्विनपंढरी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी विचारायला हवा होता.

इंकस्केपमध्ये थर, म्हणजे लेअर, करता येतात. सर्वांत खाली छायाचित्राचा थर ठेवा, तो फिकट करून कुलूपबंद करा. त्यावर ‘जाताना’ आणि ‘येताना’ असे दोन थर करा. पहिल्यात जाताना सुलट बाजूस दिसणारे टाके एका रंगात, दुसऱ्यात परतीचे टाके दुसऱ्या रंगात. दोन्ही थर एकदम पाहिले की पूर्ण नमुना दिसतो आणि ‘येताना’चा थर झाकला की शिकणाऱ्याला अर्ध्या वाटेवरचे कापड जसे दिसेल तसेच दिसते. आरंभाच्या बिंदूला छोटा गोल काढा आणि फांद्या ज्या क्रमाने घ्यायच्या, तिथे १, २, ३ असे आकडे घाला. प्रत्येक टाका स्वतंत्र रेघ म्हणून आणि सुई जशी जाते त्याच क्रमाने काढलात, तर फाइलमध्येही रेघा साधारणपणे त्याच क्रमाने नोंदल्या जातात. तरी मी आकड्यांवरच भर देईन, कारण रेघा खाली-वर सरकवल्या की तो क्रम बदलतो.

इंकस्केपला जोडून चालणारे इंक-स्टिच नावाचे मुक्त सॉफ्टवेअरही आहे, पण ते यंत्रावरील भरतकामाच्या फाइली बनवते. यंत्राला वरचा आणि खालचा असे दोन धागे लागतात, त्यामुळे गवंतीचा जाण्या-येण्याचा प्रवास त्यात येऊच शकत नाही. तुमच्या कामाला ते नको.

टाकेदार

एक शंका. या फाइली सर्वांना खुल्या केल्या, तर उद्या कोणी व्यापारी तेच हत्ती-मोर यंत्रावर छापून ‘हातची कसुती’ म्हणून विकेल. सोलापुरी चादरीच्या नावाने बाहेरचा माल कसा खपतो, हे आपण पाहतोच.

मागावरचा

शंका खरी आहे. चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि कर्नाटकच्या कसुतीलाही आहे. मानांकनाने नावाच्या वापरावर हक्क सांगता येतो. नकली माल तेवढ्याने थांबत नाही, हे आम्ही भोगतो आहोत. परंतु नमुना ट्रंकेत ठेवल्यानेही तो थांबत नाही. विकणाऱ्याला एक साडी विकत घेतली की पुरते, फाइल लागत नाही. फाइल लागते ती शिकणाऱ्याला.

बाळीवेस

सासूबाईंना विचारले. “आम्हाला तरी कोणी दिले? शेजारणीच्या पदरावरूनच मोजून घेतले,” असे त्या म्हणाल्या. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा तो परवाना घेणार आहे, ज्यात श्रेय द्यावे लागते आणि बदल केलेली प्रतही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. श्रेयात सासूबाईंच्या आईचेही नाव घालते.

आता शेवटची अडचण. चंद्रकळेचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. प्रमाण कसे काढावे?

मागावरचा

मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पट्टीसह छायाचित्र घ्या आणि पडद्यावर मोठे करून मोजा. पूर्ण इंच मोजण्याची गरज नाही. पाव इंचातले धागे मोजून चारने गुणा आणि असे तीन ठिकाणी करून सरासरी घ्या. समजा, इंचात उभे धागे ६० आणि आडवे ५० निघाले, तर चौकटीची रुंदी ५ आणि उंची ६ या प्रमाणात ठेवा. कॅल्कमध्ये स्तंभ अर्धा सेंटिमीटर आणि ओळ ०.६ सेंटिमीटर केली की झाले. मोजणी जिथे कसुती आहे तिथल्याच पोतावर करा, काठावर करू नका. काठात ताण्याचे धागे बहुधा अधिक दाट असतात. पदर वेगळ्या रेशमी ताण्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासांनी जोडलेला असतो, म्हणून पदरावरच्या नमुन्यांची मोजणी वेगळी घ्या आणि त्यांची फाइलही वेगळी ठेवा.