ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे कामगाराला सांगितलं असं होत नाही

उद्यमबागकर: काल इथं एका प्लांट मॅनेजरसाहेबांनी लिहिलंय: "व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, सगळं त्यावर टाकतो, तरी कामगार म्हणतात आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांना ऐकायचंच नसतं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बेळगावात फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. गेल्या वर्षी आमच्याकडं भट्टी रात्रपाळीला नेली. कारण साधं, रात्री वीज स्वस्त पडते आणि इंडक्शन फर्नेस वीज किती खाते ते इथं सगळ्यांना माहीत आहे. केबिनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. कामगारांना काय मिळालं? शनिवारी रात्री ग्रुपवर इंग्रजी पीडीएफ. सोमवारी फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, पोरांनी ग्राइंडर हातात घेतला नाही. ऑर्डर संपली, आता माणसं कमी करणार, अशी बातमी तोवर चहाच्या गाड्यावर पोचली होती. खानापूर तालुक्यातल्या पोरांचं दुखणं आणखी वेगळं. गावातनं शेवटची बस संध्याकाळी सहाला, मग रात्री दहाच्या पाळीपर्यंत बसायचं कुठं?

शेवटी मालक स्वतः खाली आले. लाइट बिल दाखवलं, गाडीची सोय करतो म्हणाले. अर्ध्या तासात ग्राइंडर सुरू. हेच आधी बोलायला काय हरकत होती? पाळी बदलायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची, हे औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

मच्छे_प्लांट: ती पोस्ट माझीच. तुमच्या मालकांना वेळ असेल, माझ्याकडं तीन पाळ्या आहेत. प्रत्येकाला कारण सांगत बसलो तर डिस्पॅच कोण बघणार? आणि मीटिंगला "काही प्रश्न?" विचारलं की सगळे बुटांकडं बघतात. बाहेर पडले की तासभर चर्चा.

खानापूरची: बुटांकडं का बघतात सांगू? आमच्याकडं मागच्या वेळी ज्यानं विचारलं, त्याचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात बंद झाला. सगळ्यांनी बघितलंय ते.

सीमावासी: पाळी न् बस राहू दे. इंग्रजी पीडीएफ हाच मूळ गुन्हा. नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, मुख्य दरवाजाजवळ लावायची, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १०८ नं केव्हाच सांगून ठेवलं होतं. बेळगावात मराठी कामगाराला ते कधी मिळालं?

गोकाक_रोड: आमच्या फ्लोअरवर निम्मे बैलहोंगल-गोकाकचे कन्नड आणि बाकी ओडिशा-बिहारचे. तुमची मराठी नोटीस त्यांनी कशी वाचायची? प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणलाच पाहिजे काय?

सीमावासी: आणणार! १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवादिवशी, माझे वडील दंडाला काळी फीत लावून कामावर जायचे. १९५६ पासून आमची घरं हे भोगतायत. मला शिकवू नका.

गोकाक_रोड: तुमच्या वडिलांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. माझी आई घरात मराठी बोलते, बाप कन्नड. मीही इथलाच आहे.

मच्छे_प्लांट: मराठीत लावली की कन्नड संघटना गेटवर येणार. नुसती कन्नडमध्ये लावली की तुम्ही. म्हणून इंग्रजी. आता बोला.

उद्यमबागकर: भांडण सोडवायला तुम्ही अशी भाषा निवडलीत, जी दोघांनाही कळत नाही!

खानापूरची: बोलायला कोण अडवतंय? आमचे मेस्त्री पाळी सुरू होताना उभ्या उभ्या सांगतात. आधी मराठीत, मग तेच कन्नडमध्ये, बिहारी पोरांना हिंदीत. पाच मिनिटं लागतात. मग कुणातरी एकाला विचारतात, "काय कळलं, सांग बघू." एकदा लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, तापवण्याचं सांगितलं होतं. ओल राहिली तर वितळलेला धातू अंगावर उडतो. नवा पोरगा म्हणाला, गार असला तरी चालतो. तिथल्या तिथं धरला म्हणून बरं. तुमच्या ग्रुपवर त्यानं अंगठा दाखवला असता न् गेला असता भट्टीवर.

सीमावासी: हे बरोबर आहे. पण तोंडी सांगितलेलं उद्या नाकारता येतं. कागद पाहिजेच.

गोकाक_रोड: कागद पाहिजे, एवढं मान्य. कन्नड मजकूर मी तपासून देतो.

मच्छे_प्लांट: ठीक आहे. शनिवारी रात्री पाठवणं बंद करतो आणि कारण आधी सांगतो. नोटीस तिन्ही भाषांत लावतो. तीन पाळ्यांना मी स्वतः उभा राहणं जमणार नाही, ते मेस्त्रींवर सोपवणार.

खानापूरची: मेस्त्री सांगतील की. पण विचारणाऱ्याचा ओव्हरटाइम तोडणार नाही, हे मेस्त्रींनी बोलून भागत नाही. ते त्यांच्या हातातच नसतं. ते तुम्ही बोला, तिन्ही पाळ्यांसमोर.