खोकड मारायचंच असेल तर काडतूस कोणतं? एएए की बीबी?

नीराकाठ (कोथरूड)
माझा भाचा वेल्समध्ये एका मेंढीफार्मवर कामाला आहे. तिथे मार्च-एप्रिलात मेंढ्या वितात आणि लाल खोकडं कोकरं उचलतात. (बरेच जण त्याला कोल्हा म्हणतील, पण आपला कोल्हा निराळा. तिकडचा 'फॉक्स' आपल्या माळावरच्या खोकडाच्या जातकुळीतला, अंगाने दुपटीहून मोठा.) भाच्याकडे शॉटगनचा रीतसर परवाना आहे. फार्मचा मालक म्हणतो एएए वापर, दुकानदार म्हणतो बीबी (ही काडतुसातल्या छर्र्यांच्या मापांची नावं). आमच्या घरात वडिलांच्या वेळची दुनळी होती, म्हणून त्याने मला फोन केला.

मी सांगितलं बीबी, ३६ ग्रॅम छर्र्यांचं, आणि तीस यार्डांपुढे चाप ओढायचा नाही. ब्रिटिश मापाने औंसात (सुमारे २८ ग्रॅम) एएएचे ३५ छर्रे बसतात, बीबीचे ७०. म्हणजे ३६ ग्रॅममध्ये एएए ४४च्या आसपास आणि बीबी ८८-९०. एएएचा दाणा ५.२ मिलिमीटरचा, बीबीचा ४.१. मोठा दाणा खोल जातो हे खरं, पण छातीवर पडलाच नाही तर खोल जाऊन उपयोग काय?

हे इतकं मनाला का लागतं, तेही सांगतो. १९६८ साली मी सातवीत होतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आमचा ऊस. काकांनी तित्तरासाठी भरलेलं सहा नंबरचं काडतूस लांबून एका कोल्ह्यावर झाडलं. तो मागचा पाय ओढत फडात शिरला. चौथ्या दिवशी वासावरून सापडला. पाचटात त्याने गोल जागा केली होती, आणि मांडीची जखम चाटून चाटून तिथला केस न केस गेला होता. काका त्यानंतर जेवायला बसले तरी बराच वेळ गप्प असायचे.

दुनळी_भोर
काका, आठवण वाचून वाईट वाटलं. पण त्यात चूक सहा नंबरची. २.६ मिलिमीटरचा दाणा पक्ष्यासाठी असतो, त्यावरून एएएला दोष देऊ नका. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं लँकेशायरमध्ये होतो, शेजारच्या शेतकऱ्याबरोबर रात्री फिरलोय. हिवाळ्यात खोकडाची लोकर दाट असते, त्यात तो तिरका उभा असला तर बीबी खांद्याच्या हाडापाशीच अडकतो. फुल चोक (नळीचं तोंड अगदी अरुंद, म्हणजे छर्रे कमी पसरतात) आणि एएए असेल तर चाळीस यार्डांवरही जागच्या जागी पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माळरान_सुपे
दोघांचं वाचलं आणि मन खट्टू झालं. मार्च-एप्रिलात त्या खोकडिणीच्या बिळात पिल्लं असतात. आई मेली की ती आत उपाशी मरतात. त्या मरणाला कुठलं काडतूस दयाळू? तिकडे खोकडाला बंदीचा काळच नाही, म्हणजे कायदाही आड येत नाही. शिवाय कोकरं मरतात ती बहुतेक थंडीने, भुकेने आणि अडलेल्या वेतामुळे. खोकड पुष्कळदा वेतानंतर पडलेली वार खायला किंवा आधीच मेलेलं कोकरू न्यायला येतं आणि आळ त्याच्यावर येतो. आधी विजेच्या तारेचं कुंपण करा, विणारी मेंढी आत घ्या, वार उचलून पुरा. हे सगळं करून झाल्यावर बंदुकीचं बोला.

सुप्याच्या माळावर मी पहाटे खोकडाची पिल्लं बघितली आहेत. बिळाच्या तोंडाशी दोन कान, मग नाक, मग आईच्या शेपटीचं काळं टोक धरायची धडपड. आणि इथे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपल्याकडे खोकड आणि कोल्हा दोन्ही १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ही चर्चा वाचून कुणी पुरंदर-बारामतीत बंदूक काढू नये.

वाघूर_आणि_काठी
ताई, आमचं मेंढरांचं घर आहे. रात्री वाघूर (मेंढरांभोवतीची जाळी) लावतो, कुत्री ठेवतो, आळीपाळीने जागतो, तरी लांडगा नेतोच. आम्ही त्याला मारत नाही. पण जिची कास भरलेली आहे आणि पिल्लू गेलंय ती मेंढी रात्रभर ओरडते, ते ऐकलेल्या माणसाला 'आळ' हा शब्द टोचतो. तिकडे डोंगरावर पाचशे-हजार मेंढ्या एकदम वितात, सगळ्या आत घेणार कशा? वार पुरायचं मात्र शंभर टक्के पटलं. आम्हीही पुरतो.

नीराकाठ (कोथरूड)
ताई, पिल्लांचा मुद्दा मला सुचायला हवा होता. भाच्याला सांगितलंय की मालकाशी बोल, मारायचंच तर विणीच्या आधी, थंडीतच उरकायचं. वार रोज उचलायला त्याने सुरुवातही केली आहे.

भोरकर, चाळीस यार्डांचं मात्र मला मान्य नाही. जे पडले ते तुम्ही पाहिलेत, जे छर्रे घेऊन अंधारात निघून गेले ते कुणी पाहिले? साधा हिशोब करा. तीस इंचांच्या वर्तुळात ४४ पैकी तीसेक दाणे आले, तर वीतभर छातीच्या वाट्याला दोन किंवा तीन. निदान चार-पाच तरी हवेत. त्यापुढच्या अंतराला रायफल आणि रायफलचा परवाना असलेला माणूस.

दुनळी_भोर
निघून गेलेल्यांचं खरं आहे, काका. आम्ही सकाळी शोधायला जायचो, पण दर वेळी नाही. तरी तीस यार्डांच्या आत एएए वाईट, हे मी मानणार नाही.

शिसेमुक्त
एक राहिलंच. तिकडे आता शिशाऐवजी पोलादी छर्र्यांकडे वळताहेत. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९९ पासूनच बंद आहे. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. त्याच मापाचा पोलादी दाणा हलका पडतो आणि लवकर दमतो. पोलाद घेतलं तर दाणा मोठा घ्या, अंतर आणखी कमी करा, आणि जुन्या घट्ट चोकच्या बंदुकीत ते घालण्याआधी जाणकाराला दाखवा.

नीराकाठ (कोथरूड)
भाच्याने काल गोठ्याच्या भिंतीला जुन्या वॉलपेपरची उलटी बाजू ठोकली, त्यावर कोळशाने खोकड काढलं आणि दोन्ही काडतुसं शिशाचीच, तीस आणि चाळीस यार्डांवरून मारून पाहिली. फोटो आलेत. तीसवर बीबीचे छातीत सहा, एएएचे चार. भोरकर, तेवढं तुमचं खरं निघालं. चाळीसवर एएएचा छातीत एक, एक पोटात आणि एक मागच्या मांडीत. त्याने फार्मच्या कुंपणाला तीस यार्डांवर पांढऱ्या चिंध्या बांधल्यात. चिंधीच्या पलीकडे असेल तर बंदूक खाली, असं त्याचं आणि मालकाचं ठरलंय.