ड्यूकसाठी कार्बन फायबरचं मडगार्ड मागवलंय, पण हे खरं कार्बन आहे का?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी ताम्हिणीत उतारावरच्या वळणावर ओल्या शेवाळावरून पुढचं चाक सटकलं आणि गाडी उजव्या अंगावर पडली. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडी २०१९ ची केटीएम ३९० ड्यूक. पुढचं मडगार्ड उभं चिरलंय आणि सायलेन्सरवरचं हीट शील्ड घासून गेलंय. फोर्क आणि हँडल तपासून घेतलं, दोन्ही सरळ आहेत.

गाडी चाकणच्या कारखान्यातलीच, त्यामुळे पुण्यात ओरिजिनल पार्ट मिळायची अडचण नाही. पण कार्बनचं कधीपासून मनात होतं. म्हटलं, बदलायचंच आहे तर आत्ताच बदलू. ऑनलाइन मडगार्ड मागवलं, काल आलं. दिसायला फार देखणं आहे, ट्विल विणीचे तिरके पट्टे उन्हात गाडीभोवती फिरलं की हलल्यासारखे वाटतात.

पण उलटं करून पाहिलं आणि शंका आली. आतल्या बाजूला नुसता काळा रंग, विण कुठेच नाही. बोल्टच्या भोकाच्या कडेला पांढरट धागे दिसतात. मोडलेल्या मडगार्डचे सगळे तुकडे गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, मग हे नवीन ठेवलं. नवीनच ४० ग्रॅम जड निघालं! जाहिरातीत तर ठळक अक्षरात ‘ड्राय कार्बन’ लिहिलं होतं. माझ्या माहितीप्रमाणे ड्राय म्हणजे आधीच रेझिन (सुकून कडक होणारी राळ) मुरवलेलं कार्बनचं कापड साच्यात लावून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, दाबाखाली आणि उष्णतेत पक्कं केलेलं. तसं असेल तर इतकं जड कसं?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. प्लास्टिक वाकतं, कार्बन वाकत नाही, तडकतं. चाकाच्या इतक्या जवळचा पार्ट ८०-९० च्या वेगात तडकून चाकात गेला तर काय? बसवावं की परत करावं? परत करायला पाच दिवस आहेत. हीट शील्डसुद्धा कार्बनचं घ्यायचा विचार होता, त्याबद्दलही सांगा.

प्रतिसाद:
आधी पडल्यावर नीट आहात हे वाचून बरं वाटलं. पांढरे धागे म्हणजे काचेचे, आत फायबरग्लास आणि वर कार्बनचा एक थर. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर बीपवर लावा आणि भोकाच्या कापलेल्या कडेवर दोन्ही टोकं टेकवा. कार्बनमधून वीज जाते, काचेतून जात नाही. वर लॅकर (पारदर्शक लेप) असतं, म्हणून पृष्ठभागावर तपासून उपयोग नाही.

वजनाचं गणित असं: साध्या मडगार्डच्या एबीएस प्लास्टिकची घनता साधारण १.०५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, कार्बन-इपॉक्सीची (इपॉक्सी हे एक रेझिन) १.६ च्या आसपास, फायबरग्लासची त्याहून जास्त. म्हणजे प्लास्टिकच्या जागी कार्बन बसवून वजन तेव्हाच घटतं, जेव्हा पार्ट बराच पातळ असतो. खरा फायदा धातूच्या जागी.

चाकाजवळच्या पार्टला भोकं जुळत नसतील तर ओढूनताणून बोल्ट आवळू नका. तिथूनच चीर सुरू होते. चांगला पार्ट घ्याल तेव्हाही बोल्टच्या भोकात रबरी ग्रोमेट (रिंग) घालाच. कार्बन थेट ॲल्युमिनियमला टेकलं आणि पावसाचं पाणी साचलं की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. आणि भोक मोठं करायची वेळ आलीच तर मास्क लावून, ओलं करून घासा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

हीट शील्डला साधं इपॉक्सी चालत नाही, गरम झालं की ते मऊ पडतं. जास्त तापमानाचं रेझिन आहे का ते विक्रेत्याला लेखी विचारा, आणि पाइपापासून अंतर राखणारे स्पेसर हवेतच.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आत्ताच मल्टिमीटर लावून पाहिला. वरच्या कडेला बीप येतो, मिलिमीटरभर खाली आलं की बंद. मडगार्ड आज पॅक करून परत पाठवतोय आणि ओरिजिनल प्लास्टिकचं मागवलंय. पुढच्या चाकाच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही.

हीट शील्डचा विचार मात्र सोडवत नाही. इथे कोणी कार्बनचं शील्ड लावून दोन-तीन उन्हाळे-पावसाळे काढलेत का? लॅकर पिवळं पडलं का, आणि पाइपापासून किती अंतर ठेवलंत? जवळून काढलेला फोटो असेल तर टाका.