प, ब आणि म

एकांनी लिहिलंय की कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणं म्हणजे ओठ वाचायला लावणं, आणि हातांच्या खुणांची भाषा कमी दर्जाची. एवढंच नाही हो ते. माझ्या मावसबहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायच्या, पट्टी हलायची. ‘ब’ला तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, ‘म’ला नाकावर, म्हणजे तिथली थरथर तिला जाणवायची. कारण ओठांवर तिन्ही सारखीच दिसतात! ‘बाबा’ आणि ‘मामा’ आवाज न काढता म्हणून बघा.

खुणांना कमी लेखणं मात्र मला अजिबात पटलं नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी दोन कर्णबधिर बहिणींपासून सुरुवात करून मोफत शाळा उभी केली, ती मुलांच्या खुणांच्याच आधारावर. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेनं खुणा वर्गाबाहेर घालवल्या. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं. किती पिढ्या गेल्या मध्ये!

बहीण छान बोलते, पण मनातलं सांगताना हातच पुढे येतात. आमच्या नाशिकला गोदावरीचा पूर किती चढला ते घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ठरवतात. गोदेला पूर आला तेव्हा घाटावरून येऊन तिनं आईला काही बोलून सांगितलं नाही. मारुतीसारखी ताठ उभी राहिली आणि तळहात आडवा करून छातीशी टेकवला. दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलंय, हे घरात सगळ्यांना कळलं.