मदत हवी आहे: भावाला स्किझोफ्रेनिया, आवाज कमी झाले, पण आता गोळ्या नको म्हणतो

पायवाट:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता विचारल्यावाचून गत्यंतर नाही. लांबड लागली तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २४. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सुरुवात झाली. आधी नुसताच गप्प झाला, मित्रांचे फोन घेईना, रात्रभर जागा. मग खिडक्या लावून बसायला लागला. वरच्या मजल्यावरची माणसं आपल्यावर नजर ठेवतात आणि आपण काय करतोय ते एकमेकांना सांगत राहतात, असं त्याचं म्हणणं. ‘आता उठला, आता दार लावलं, बघ कसा बसलाय’ अशी चोवीस तास कॉमेंट्री. वरचं घर रिकामं आहे हे दाखवायला बाबा त्याला घेऊन गेले, तर म्हणतो, आपण येतोय हे कळल्यावर ते निघून गेले.

मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, रिस्पेरिडोन हे औषध सुरू झालं. हळूहळू आवाज पुष्कळ कमी झाले, खिडक्या उघडल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. पण आता दिवसभर पडून असतो. अंघोळीला चार-चार दिवस जात नाही. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही, काहीच नाही. बाबा म्हणतात, आजार बरा झाला, आता शुद्ध आळस चाललाय. रोज त्यावरून खडाजंगी.

त्यात गेल्या आठवड्यापासून गोळ्या नको म्हणतो. ‘मी ठणठणीत आहे, गोळ्यांनीच माझा दगड केलाय.’ मावशीचं मत आहे की गोळी कुटून जेवणात घालावी, त्याला कळणारही नाही. आईला ते पटायला लागलंय. मला नाही पटत, पण माझ्याकडे दुसरा उपायही नाही.

तर प्रश्न: हा आळस आहे का? गोळ्या घ्यायला कसं राजी करायचं? वरच्या लोकांचा विषय त्याने काढला तर बोलायचं काय, हो म्हणायचं की नाही? आणि एक विचारायची लाज वाटते, पण विचारते. मलाही होईल का? मी २९ वर्षांची आहे.

घरचाच अनुभव:
आमच्याकडे काकांना वर्षभर जेवणातून दिल्या गोळ्या. काही बिघडलं नाही. जीव वाचणं महत्त्वाचं, तत्त्वं नंतर.

अर्धविराम:
मी मानसोपचार विभागात काम करतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा, औषधाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच.

आधी आळसाबद्दल. या आजाराची लोकांना माहीत असलेली बाजू म्हणजे भास आणि संशय. दुसरी बाजू उणेपणाची: इच्छाशक्ती आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, कशातच गोडी न वाटणं. शिवाय लक्ष, स्मरण, कामाची आखणी यांवरही परिणाम होतो. औषधं भासांवर चांगली चालतात, कारण ती मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे विशिष्ट ग्राहक, म्हणजे ते झेलणाऱ्या जागा, अडवतात. उणेपणाच्या लक्षणांवर त्यांचा प्रभाव फारच तोकडा. म्हणून आवाज थांबल्यावर ही बाजू उघडी पडते आणि घरच्यांना वाटतं, बरा होऊन नाटक करतोय.

पण सगळं पडून राहणं त्यातलंच असेल असंही नाही. औषधाची गुंगी असू शकते. औषधाने हालचाली मंदावून चेहरा ताठ झालेला असू शकतो. आपल्या आयुष्याचं काय झालं हे भान आल्यावर येणारं नैराश्य असू शकतं, आणि ते गंभीरपणे घ्यायचं असतं, कारण या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच जास्त असतो. या प्रत्येकावर उपाय वेगळा. पुढच्या भेटीत नेमकं विचारा: हे आजारामुळे, औषधामुळे की नैराश्यामुळे? ‘पडून असतो’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरही डोस तसाच ठेवून मोकळे होतात, हे आमच्याच क्षेत्राबद्दल बोलतोय.

गोळ्या सोडण्याबद्दल एक गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. गोळ्या थांबवल्या की पहिले काही आठवडे बहुतेकांना बरंच वाटतं. गुंगी उतरते, अंग हलकं होतं, कारण दुष्परिणाम आधी जातात. आजार मागाहून परततो, कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. त्यामुळे गोळी सोडली आणि आजार उलटला यातला धागा रुग्णाला दिसतच नाही, घरच्यांनाही नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचा आजार पाच वर्षांत पुन्हा उलटला. औषध सोडणाऱ्यांत हा धोका जवळजवळ पाचपट होता. दर वेळी उलटल्यावर सावरायला जास्त वेळ लागू शकतो.

तुमच्या स्वतःबद्दल: सर्वसाधारण लोकांत हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास, सख्ख्या भावंडात १० टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे दहापैकी नऊ भावंडांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होतोच असं नाही, त्यामुळे फक्त जनुकांचा खेळ नाही हा. गांजापासून मात्र कटाक्षाने लांब राहा, तुम्हीही आणि तोही. लाज कसली त्यात.

कोरा कागद:
मला स्वतःला हा आजार आहे. बरीच वर्षं झाली, नोकरी करतो. पायवाट ताई, तुमच्या भावाच्या बाजूने थोडं सांगतो.

आवाज ‘मनात’ येत नाही, कानाने ऐकू येतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये आवाज येत असताना ऐकण्याचे आणि बोलण्याचे भाग खरोखरच कामाला लागलेले दिसले आहेत. त्यामुळे ‘तिथे कुणी नाही’ असं कुणी म्हटलं की मला एकच अर्थ कळायचा: हाही त्यांना सामील आहे. बाबांनी वरचं घर दाखवलं, त्याचा निष्कर्ष त्याने तुम्हाला सांगितलाच. पुराव्याने संशय जात नाही, तो पुरावाच गिळतो.

पण ‘हो हो, ते बोलतात खरे’ असंही म्हणू नका. माझी बहीण म्हणायची, ‘मला नाही ऐकू येत. पण तुला येतंय आणि तू घाबरलायस, हे दिसतंय. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?’ एवढंच. कोण खरं, हा मुद्दाच तिने बाजूला ठेवला. मग आम्ही दोघं गच्चीत फिरायचो किंवा मी पेपर मोठ्याने वाचायचो. स्वतः मोठ्याने वाचताना किंवा गुणगुणताना माझे आवाज मागे सरतात. सगळ्यांचे सरतात असं नाही, करून बघायला हरकत नाही.

अंघोळीचं. तुम्हाला ते एक काम वाटतं. मला तेव्हा ती कामांची माळ दिसायची: उठायचं, टॉवेल शोधायचा, कपडे काढायचे, पाणी बघायचं, आणि मधेच कुठलं झालं नि कुठलं राहिलं ते विसरायला व्हायचं. ‘जा अंघोळ कर’ ऐकून मी पडूनच राहायचो. ‘टॉवेल बाथरूममध्ये ठेवलाय’ म्हटलं की निम्मं काम हलकं व्हायचं.

आणि गोळ्या. मला आजार आहे हे मान्य केल्यावर मी गोळ्या घेतल्या असं अजिबात नाही. कितीतरी महिने मला ते मान्य नव्हतं. मला झोप हवी होती. डॉक्टर म्हणाले, नावाचं राहू दे, झोपेसाठी घेऊन बघ. त्याला ‘तुला स्किझोफ्रेनिया आहे, मान’ म्हणत बसू नका, ती लढाई तुम्ही हराल. त्याला स्वतःला काय हवंय ते विचारा. मित्र? पुन्हा कॉलेज? पाठीमागची कटकट बंद? त्यातून गोळीपर्यंत वाट निघते.

जेवणात गोळी घालण्याबद्दल: मला घरच्यांवर विषप्रयोगाचा संशय होता. तेव्हा कुणी तसं केलं असतं आणि मला सापडलं असतं, तर माझा संशय त्या दिवशी *खरा* ठरला असता. मग मी घरात जेवलो नसतो.

अर्धविराम:
कोरा कागद यांना +१००. चोरून औषध दिलं तर डोस नेमका जातो का कळत नाही, दुष्परिणाम झाला तरी रुग्णाला तो सांगता येत नाही. बेशुद्ध किंवा जिवावर बेतलेल्या परिस्थितीत डॉक्टर काय करतात तो वेगळा विषय, रोजच्या जेवणात नको. गोळीवरून रोजचं भांडण टाळायचं असेल तर लांब पल्ल्याच्या इंजेक्शनचा पर्याय विचारा, काही दोन आठवड्यांनी तर काही महिन्याने घ्यायची असतात. शिक्षा म्हणून नव्हे, ‘रोज आठवण काढायला नको’ म्हणून त्याच्यापुढे मांडा.

घरचाच अनुभव:
ठीक आहे. काकांना कधीच कळलं नाही, म्हणून आमचं निभावलं असेल.

शुभंकर-बाई:
माझे यजमान शुभार्थी, म्हणजे हाच आजार असलेले, आहेत आणि मी त्यांची शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी. बाबांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे ती जागा सासूबाईंची होती.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकापासून रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा माग काढला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी, तिथे आजार जास्त उलटतो असं निघालं. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ नाही, तो गैरसमज बाबांच्या माथी मारू नका, नाहीतर ते आणखी चिडतील. त्यांना एवढंच सांगा की ओरडा कमी करणं हा उपचाराचा भाग आहे. आणि आई चोवीस तास राखण करत असतील तर तीसुद्धा त्यातच मोडते. दोघांनी रोज थोडा वेळ घराबाहेर घालवावा. त्याच्यासाठीच.

यजमानांना दोन औषधं नीट मात्रेत देऊनही उतार पडला नाही, तेव्हा क्लोझापिन या औषधावर आणलं. त्याला सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी बघायला. कटकट आहे, पण आम्हाला तेच लागू पडलं. तुमचा भाऊ पहिल्याच औषधाला दाद देतोय, ही चांगली गोष्ट आहे.

अवांतर: सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन (याच आजाराचं आणखी एक औषध) यांचं रक्तातलं प्रमाण घटतं, आणि सिगारेट अचानक सोडली की वाढतं. आम्हाला हे एका नर्सने सांगितलं.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशीचा उपाय रद्द. कोरा कागद, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला.

त्याला विचारलं, गोळीचं सगळ्यात वाईट काय वाटतं? मला वाटलं होतं झोप किंवा वजन म्हणेल. तो म्हणाला, पाय. बसलं तर पाय शांत राहत नाहीत, उभं राहिलं तर चालावंसं वाटतं, फक्त पडून राहिलं की जरा बरं. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी अकॅथिसिया, म्हणजे औषधामुळे येणारी ही अस्वस्थता, म्हणून लगेच ओळखलं, डोस थोडा कमी केला आणि पायांसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. गोळी पुन्हा सुरू आहे, ‘पाय बरे राहिले तर’ या अटीवर. इंजेक्शनचं बघू म्हणाला. बाबा अजून आळसच म्हणतात, पण पुटपुटत.

आता त्याला राहिलेले विषय देऊन पदवी पूर्ण करायची आहे. सगळे एकदम द्यायचे म्हणतो. द्यावेत का?

कोरा कागद:
एकच विषय, आणि सगळ्यात सोपा. परीक्षेपेक्षा मला जागरण भोवलं होतं, म्हणून रात्री अभ्यास नाही असं आधीच ठरवून घ्या. झोप कमी व्हायला लागली, खिडक्या पुन्हा लागल्या, वरच्यांचा विषय निघाला, यातलं काय दिसलं तर डॉक्टरांना फोन करायचा याची यादी तो बरा असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या. माझ्या यादीत पहिली ओळ ‘फोन उलटा ठेवायला लागतो’ अशी आहे.

अर्धविराम:
त्या यादीत एक माझ्याकडून: आवाज स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतायत असं म्हणाला, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.