जिन्याखालचं काळं पिल्लू

*रविवार, सकाळी ७.४०*

*काकू, ए-२०२:* पार्किंगमधल्या राणी कुत्रीची पिल्लं बघितली का कुणी? तीन खेळाल्यात, काळं तेवढं जिन्याखाली गप पडलंय. कालपासनं दूधभाताला तोंड लावलं नाही.

*बी-१०४:* पावसाची सर्दी असंल काकू. नाक ओलं आहे न्हवं? मग काय काळजी नाही.

*सी-३०१:* दादा, नाकावर जाऊ नका. आमच्या ब्रूनोचं नाक शेवटच्या दिवशीपण ओलंच होतं. काकू, त्याचा ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा. पांढरी पडेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे.

*काकू, ए-२०२:* थांब, चष्मा घेऊन जाते.

*सचिव:* आज दुपारी टाकी धुणार आहे. पाणी भरून ठेवा.

*काकू, ए-२०२:* हिरडी फिकी आहे गं, चिकट लागली. चार म्हणेपर्यंत रंग आला नाही. मागं पातळ शी, तांबूस. वास तर विचारू नकोस. पिवळा फेसपण दोनदा ओकलंय.

*सी-३०१:* मग पार्वो धरूनच चला, पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा, पसरणारा रोग. जंतानंपण असं होतं, पण ते डॉक्टर शी तपासून सांगतील. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी आटलंय. दोन महिन्यांचं पिल्लू, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

*बापू, ए-४०३:* अंग तापलंय. पॅरासिटामॉलचा पाव तुकडा देऊ काय?

*सी-३०१:* नको बापू! माणसांच्या या गोळीनं कुत्र्याचं लिव्हर जातं. आणि १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचंच, आपल्या हाताला गरम लागणारच. गार पडायला लागलं तर जास्त घाबरायचं. तोंडात काही ओतूपण नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं.

*बी-१०४:* गाडी काढतो. रविवारी कोण असतंय?

*सी-३०१:* राजारामपुरीत एक डॉक्टर दहापर्यंत आहेत, आत्ताच फोन केला. खोक्यात कागद घालून न्या. तिथं खाली फरशीवर ठेवू नका, दुसरी कुत्री येतात.

*दुपारी १.१५*

*बी-१०४:* पार्वोच. किटवर दोन रेघा आल्या. सलाइन लावलंय. पुढचे दोन-तीन दिवस काढले तर वाचेल म्हणाले.

*काकू, ए-२०२:* आणि ही तिघं?

*सी-३०१:* दोन आठवडे नजर ठेवायची. खेळता खेळता एखादं बाजूला जाऊन बसलं तरी सांगा, उलटीची वाट बघू नका. लसीचं डॉक्टरांना विचारून ठरवू. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. ब्रूनोच्या दोन झाल्या होत्या. तिसरी, पाऊस उघडू दे म्हणून मीच पुढं ढकलली.

*बापू, ए-४०३:* जिन्याखाली फिनेल मारलं मी.

*सी-३०१:* फिनेलनं पार्वो मरत नाही हो. साबणानं घासून ते आधी पूर्ण धुवून काढा, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवायचं. फिनेल आणि ब्लीच एकत्र करू नका. बागेतल्या मातीत हा महिनोन् महिने टिकतो, तेव्हा लस पूर्ण न झालेलं पिल्लू कुणी तिकडं सोडू नका.

*सचिव:* टाकीसाठी आणलेलं ब्लीच वॉचमनच्या खोलीत आहे, घ्या.

*बापू, ए-४०३:* घासायला घेतलंय. राणी काय जागची हलंना. कुणीतरी चपाती घेऊन खाली या.